शॉकअप कधी बदलायचे? विदर्भातल्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्यांसाठी तपासणीपासून फिटिंगपर्यंत

पावसाळा सरला की तालुक्याच्या गॅरेजवर एक वाक्य हमखास कानावर पडतं, "भाऊ, शॉकअप गेले तुमचे." कधी ते खरं असतं. कधी मात्र स्टॅबिलायझरचा (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचा) छोटा लिंक रॉड सैल झालेला असतो आणि मालकाच्या माथी चार शॉकअपचं बिल येतं. उलटही होतं. शॉकअप खरोखर संपलेले असतात, पण तेल गळताना दिसत नाही म्हणून वर्षभर तशीच गाडी हाकली जाते आणि मधल्या काळात टायरची एक जोडी खराब होते. दोन्ही नुकसानं टाळता येतात. त्यासाठी गॅरेजला जाण्याआधी अर्धा-पाऊण तास स्वतः गाडीजवळ घालवायला हवा.

किलोमीटरचा आकडा पाहून शॉकअप बदलू नका, आणि तेल गळण्याची वाटही पाहू नका. आपल्याकडे रस्ता आणि वजन या दोन गोष्टी शॉकअपचं आयुष्य ठरवतात. म्हणून वर्षातून दोनदा, मृग लागण्याआधी आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास, मुद्दाम तपासणी करा.

आधी शॉकअप काय करतो ते पाहू

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप नाही. खड्ड्यात चाक गेलं की स्प्रिंग दबते आणि उसळते, आणि तिला कोणी आवरलं नाही तर ती पुन्हा पुन्हा उसळत राहील. हे आवरण्याचं काम शॉकअपचं. आत तेल असतं आणि तेलात पिस्टन वरखाली होतो, सायकलच्या पंपासारखा. पिस्टनमधल्या बारीक व्हॉल्व्हमधून तेल जबरदस्तीने पुढेमागे ढकललं जातं, उसळीचा जोर त्यातच खर्च होतो आणि त्याची उष्णता बनते. बहुतेक नव्या शॉकअपमध्ये तेलासोबत नायट्रोजन वायू दाबाने भरलेला असतो, म्हणजे खराब रस्त्यावर तेलाला फेस येत नाही. फेस आला की व्हॉल्व्हमधून तेलाऐवजी बुडबुडे जातात आणि शॉकअप पोकळ वागतो.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. गाडी एका बाजूला किंवा मागे बसलेली दिसत असेल तर दोष बहुधा स्प्रिंगचा किंवा पाट्यांचा (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) आहे. नवे शॉकअप टाकून ती वर येणार नाही.

स्ट्रट म्हणजे शॉकअपच, पण जास्त जबाबदारीचा. स्विफ्ट, वॅगनआर, ईको अशा गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतात. त्यावरच स्प्रिंग बसते, चाकाचा नकल (ज्यावर चाक बसतं तो लोखंडी भाग) त्यालाच बोल्टने जोडलेला असतो आणि स्टिअरिंग वळवलं की वरच्या माउंटिंगमधल्या बेअरिंगवर अख्खा स्ट्रट फिरतो. म्हणून स्ट्रट बदलला की चाकाचा कोन हलतो आणि अलाइनमेंट करावंच लागतं. मागचे शॉकअप बहुतेक गाड्यांत साधे, सुटे असतात. बोलेरोला मागे पाटे आहेत. इनोव्हा क्रिस्टाला पुढे स्ट्रट नसून डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) आहे, तिथे शॉकअप बदलणं वेगळं काम. आपल्या गाडीला पुढे काय, मागे काय हे एकदा वाकून पाहून ठेवा. मिस्त्रीशी बोलताना अर्धी अडचण तिथेच संपते.

८०,००० किलोमीटरचा आकडा आपल्याकडे किती खरा?

शॉकअप बनवणाऱ्या कंपन्या साधारण दर २०,००० किलोमीटरला तपासणी आणि ८०,०००च्या आसपास बदल सुचवतात. हा हिशोब बऱ्या डांबरी रस्त्याचा आहे. नागपुरात ऑफिसला ये-जा करणारी गाडी लाखभर किलोमीटर सहज काढते. तीच गाडी दारव्हा किंवा सिंदेवाही तालुक्यात रोज गिट्टी उखडलेल्या रस्त्याने आणि पांदणीने शेतावर जात असेल, तर त्याच्या निम्म्यातही थकू शकते.

कारणं आपल्या पायाखालीच आहेत. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता नवा असला तरी दोन-तीन वर्षांत लाटा धरतो. लाटांवर खड्ड्यासारखा एक मोठा दणका बसत नाही, पण शॉकअपला क्षणाचीही उसंत मिळत नाही, तेल तापतच राहतं. त्यात मे महिन्यातलं अकोला-चंद्रपूरचं ४५ अंशांचं ऊन. तापलेलं तेल पातळ होतं आणि आवरण्याची ताकद कमी होते. पावसाळ्यात पांदणीचा चिखल शॉकअपच्या चकचकीत रॉडवर बसून वाळतो. रॉडवरचं रबरी डस्ट कव्हर फाटलेलं असेल तर ती वाळलेली माती प्रत्येक हेलकाव्याला सीलवर घासते, सील कापते आणि तेल बाहेर यायला लागतं. माझ्या मते आपल्या भागात शॉकअप मरण्याचं सगळ्यात दुर्लक्षित कारण हे फाटलेलं कव्हर आहे. ते वेळेवर बदललं तर शॉकअप कितीतरी पुढे जातो.

आणि वजन. कापसाच्या दिवसांत पिकअप, संत्र्याच्या हंगामात वरुड-काटोलकडच्या गाड्या, लग्नसराईत वऱ्हाड भरलेली ईको. ठरल्यापेक्षा जास्त वजन टाकलं की स्प्रिंग आधीच दबलेली असते, शॉकअपला वरखाली व्हायला जागाच उरत नाही आणि खड्ड्यात तो थेट बंप स्टॉपवर (शेवटी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आदळतो. ज्या गाडीच्या मागून "धप्प" असा बुडाचा आवाज येतो तिच्या शॉकअपचं आयुष्य झपाट्याने कमी होत असतं.

उभ्या गाडीची तपासणी

सगळ्यात आधी टायरमधली हवा दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरून घ्या. हवा जास्त असेल तर चांगली गाडीही उडते, कमी असेल तर डुलते. हे न करता केलेली पुढची प्रत्येक चाचणी फसवी ठरेल.

मग टॉर्च घेऊन चाकांच्या आत पाहा. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरायचं नाही. पुढची चाकं एका बाजूला पूर्ण वळवली की स्ट्रट उभ्याउभ्या दिसतो. रॉडच्या सीलजवळ तेलाचा अगदी पातळ, धुकट थर असणं स्वाभाविक आहे. रॉड प्रत्येक वेळी थोडंसं तेल अंगाला लावूनच बाहेर येतो. पण नळीवर ओघळ असेल, खालपर्यंत ओलं असेल किंवा धुळीचा काळा, चिकट गिलावा चढलेला असेल तर सील गेलं आहे. शंका असेल तर फडक्याने स्वच्छ पुसा, आठ-दहा दिवस नेहमीसारखी गाडी चालवा आणि पुन्हा पाहा. ओघळ परत आला की शंकाच उरली नाही.

इथे एक खात्री करून घ्या, की ते तेल शॉकअपचंच आहे. पुढच्या ॲक्सलचं रबरी बूट फाटलं की ग्रीस गोल फिरत सगळीकडे उडतं, स्ट्रटलाही लागतं. ते जाड आणि दाणेदार असतं. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला पातळ ओल दिसली तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. तसं असेल तर शॉकअपचा विचार बाजूला ठेवा आणि आधी ब्रेक पाहून घ्या.

त्याच वेळी रॉड वाकलाय का, नळीला दगडाचा पोचा आलाय का, खालचं-वरचं बुश (जोडातलं रबर) चिरलंय का, स्प्रिंगचा एखादा वेढा तुटलाय का, हे पाहा. तुटलेल्या स्प्रिंगचं टोक टायर फाडू शकतं. अशी गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका, मिस्त्रीला बोलवा.

आता टायरवर हात फिरवा. ही चाचणी मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण टायर मागच्या काही महिन्यांचा हिशोब दाखवतो. गाडी बंद, हँडब्रेक ओढलेला. तळवा टायरच्या नक्षीवर ठेवून गोलाईच्या दिशेने सावकाश फिरवा, मग उलट दिशेने. चांगला टायर सलग लागतो. शॉकअप गेलेल्या चाकाचा टायर हाताला उंच-सखल लागतो. चार-सहा बोटं बरं लागतं, मग वाटीसारखा खोलगट झिजलेला भाग, पुन्हा उंचवटा. चाक रस्त्यावर नीट टेकून न राहता टणाटण उड्या मारत गेल्याची ही खूण आहे. टायरची फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड झिजली असेल तर तो अलाइनमेंटचा दोष. फक्त मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त भरली जाते.

मग गाडी दाबून पाहण्याची जुनी पद्धत. एका कोपऱ्यावर अंगाचा भार टाकून दोन-तीनदा दाबा आणि खाली असताना एकदम सोडा. गाडी वर येऊन, थोडी खाली जाऊन थांबली तर ठीक. दोन-तीन हेलकावे घेत असेल तर शॉकअप नक्की गेला. याचं उलट मात्र खरं नाही. गाडी लगेच थांबली म्हणजे शॉकअप चांगलाच, असं म्हणता येत नाही. हाताने दाबताना पिस्टन सावकाश हलतो, रस्त्यावर तो कितीतरी वेगाने हलतो आणि खरी कसोटी तिथे लागते. पाट्यांच्या गाडीत तर मागे ही चाचणी जवळजवळ निरुपयोगी आहे. पाटे एकमेकांवर घासून स्वतःच उसळी जिरवून टाकतात, मग मेलेला शॉकअपही जिवंत वाटतो.

रस्त्यावरची तपासणी

शॉकअप एका दिवसात जात नाही, हळूहळू मऊ पडतो आणि चालवणाऱ्याला त्याची सवय होत जाते. म्हणून ओळखीच्या एखाद्याला गाडी चालवायला द्या आणि तुम्ही मागच्या सीटवर बसा. जमल्यास तीच गाडी असलेल्या, शॉकअप नवे असलेल्या माणसाच्या गाडीतून त्याच रस्त्याने एक फेरी मारा.

मोकळा, सरळ रस्ता निवडा. १५ ते २० च्या वेगाने स्पीडब्रेकर ओलांडा आणि चाकं खाली उतरल्यावर गाडी किती वेळा डुलते ते मोजा. एकदा बसून स्थिर झाली पाहिजे. मग मागे कोणी नाही हे पाहून ४० च्या वेगात ब्रेक दाबा. नाक जरा खाली जाणारच, पण ते जमिनीत शिरल्यासारखं खाली गेलं आणि थांबल्यावर गाडी मागे-पुढे झुलली तर पुढचे स्ट्रट संशयित. खडबडीत वळणावर मागचा भाग बाहेरच्या बाजूला उड्या मारत सरकत असेल तर मागचे शॉकअप पाहा. परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीला किंवा चिखलदऱ्याला जाणाऱ्यांनी हे लक्षण अजिबात अंगावर काढू नये. वळणात टायर क्षणभर सुटला की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही तेवढ्यापुरते हातातून जातात.

समृद्धी महामार्गावर गोष्ट आणखी फसवी होते. काँक्रीट गुळगुळीत असल्याने ८० पर्यंत सगळं छान वाटतं. वेग १०० च्या पुढे गेला की लेन बदलल्यावर गाडी एकदा इकडे, एकदा तिकडे झुलते, पुलाच्या सांध्यावर तरंगल्यासारखी होते, ट्रकजवळून जाताना वाऱ्याने सरकते. चाक रस्त्याला सलग टेकलेलं नसेल तर एबीएसलाही (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेलाही) पूर्ण पकड मिळत नाही आणि थांबायला लागणारं अंतर वाढतं. गावच्या रस्त्यावर ४० ने चालणारी थकलेली गाडी तशीच समृद्धीवर चढवणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं.

जुन्या मिस्त्रींची एक युक्तीही करून पाहा. दहा-पंधरा किलोमीटर खराब रस्त्यावर चालवून आल्याबरोबर एका ॲक्सलच्या, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीच्या, दोन्ही शॉकअपच्या नळ्यांना हात लावा. आधी लांबून धग पाहा, आणि सायलेन्सरपासून हात जपा. काम करणारा शॉकअप गरम लागतो. एक गरम आणि दुसरा थंड असेल तर थंड असलेला काम करत नाहीये.

खडखड ऐकू आली म्हणजे शॉकअप गेले असं नव्हे

बारीक खड्ड्यांवर पुढून येणारी "खटखट-खडखड" बहुतेक वेळा लिंक रॉडची असते. हे स्वस्त काम आहे आणि आधी तेच तपासायला सांगा. जागच्या जागी स्टिअरिंग वळवताना "टण्ण" करून स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आला तर स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगचं बेअरिंग. ब्रेक दाबताना किंवा गाडी जागेवरून पुढे काढताना एकच ठोका ऐकू आला तर लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या हाताचं) बुश किंवा बॉल जॉइंट. शॉकअप कोरडे आहेत, टायर सलग झिजलेत, गाडी डुलत नाही, फक्त आवाज आहे, अशा वेळी शॉकअप बदलायला होकार देऊ नका. "दादा, आधी लिंक रॉड काढून गाडी एक चक्कर फिरवून बघा," एवढं म्हणायला हरकत नाही. चांगला मिस्त्री त्याचा राग मानत नाही.

मग कधी बदलायचे?

ओघळ येणारं तेल, वाकलेला रॉड, पोचा आलेली नळी, तुटलेली बैठक यातलं एक जरी दिसलं तरी लगेच. टायरवर वाट्या आणि रस्त्यावर डुलणं ही दोन्ही लक्षणं एकत्र असतील तर तेल गळत नसलं तरी बदला, तेल आत असूनही व्हॉल्व्ह झिजलेले असतात. एकच लक्षण, तेही अंधुक असेल तर महिनाभर थांबून पुन्हा तपासा. आणि ९०,००० किलोमीटर होऊनही सगळ्या चाचण्या उत्तम असतील तर केवळ आकड्यासाठी पैसे घालवू नका, तपासत राहा.

बदलताना एका ॲक्सलचे दोन्ही बदलायचे. डावा नवा आणि उजवा जुना ठेवला तर ब्रेक मारताना गाडी दोन बाजूंनी दोन तऱ्हेने वागते. चारही एकदमच हवेत असं मात्र नाही. पुढचे आत्ता आणि मागचे पुढच्या हंगामात केले तरी चालतं. तोवर मागे वजन कमी ठेवा आणि घाट टाळा.

खरेदी

दुकानात जाताना आरसीची प्रत घेऊन जा. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीचे पुढचे स्ट्रट वेगळे असू शकतात, कारण डिझेल इंजिन जड असतं. पुढच्यात डावा-उजवाही वेगळा असतो. पार्ट नंबर जुळवूनच घ्या. गॅब्रिएल, मुंजाल शोवा, केवायबी, मोनरो ही ओळखीची नावं आहेत. कंपनीचा मूळ पार्टही बऱ्याचदा यांच्यापैकीच कोणी बनवलेला असतो. पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय वॉरंटी नाही, आणि नकली माल बहुधा बिलाविनाच विकला जातो.

पुढच्या स्ट्रटसोबत वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर नवीन घ्या. जुनं माउंटिंग पुन्हा बसवलं आणि सहा महिन्यांनी ते वाजू लागलं तर सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागते.

शॉकअप "रिपेअर" करून देणारे ठिकठिकाणी भेटतात. नळीला भोक पाडून नवं तेल भरतात आणि वेल्डिंगने बंद करतात. झिजलेले व्हॉल्व्ह आणि गेलेला वायूचा दाब त्याने परत येत नाही. थोडे दिवस गाडी कडक वाटते, बस्स. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर घालण्याचंही तसंच. गाडी थोडी वर येते, उसळी तशीच राहते. दोन्हीवर खर्च करू नका.

फिटिंगच्या वेळी उभं राहून काय पाहायचं

पुढचा स्ट्रट घरी उघडू नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. स्प्रिंग कॉम्प्रेसर नसलेल्या, दोरी किंवा साखळी बांधून काम भागवणाऱ्या ठिकाणीही गाडी देऊ नका. कामाचा साधारण क्रम असा असतो:

१. गाडी स्टँडवर घेऊन चाक काढणं. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर स्ट्रटवरच्या क्लिपमधून सोडवणं. त्यांच्यावर ओढ येता कामा नये.

२. नकलचे बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेवर खूण करून ठेवणं, म्हणजे चाकाचा कोन जवळपास पूर्वीचाच बसतो.

३. नवा स्ट्रट उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडणं. आडवा ठेवल्याने आत शिरलेली हवा त्याने निघते. हे न केल्यास पहिल्याच दिवशी "नवाही पोकळ निघाला" अशी तक्रार येते.

४. रॉडचं नट कसताना चकचकीत रॉड पकडीने धरायचा नाही. त्यावर एक ओरखडा पडला तरी नवं सील थोड्याच काळात गळू लागतं. रॉडच्या टोकाला पाना किंवा ॲलन की लावायला खाच असते, तिथेच धरायचं.

५. मागच्या शॉकअपची आणि आर्मची बुशं असलेले बोल्ट चाक हवेत असताना आधी फक्त हातानेच लावायचे. गाडी जमिनीवर टेकवून, तिच्या वजनावर उभी असताना ते शेवटचे कसायचे. हवेत कसले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पाचवी गोष्ट घाईत सर्रास टाळली जाते, म्हणून तेवढ्यापुरते तिथे थांबाच.

पुढचे स्ट्रट बदलल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट करा. गावात मशीन नसेल तर जवळच्या मोठ्या गावापर्यंत सावकाश जा, पण पुढच्या महिन्यावर ढकलू नका. पाचशे ते हजार किलोमीटरनंतर सगळे नट-बोल्ट एकदा पुन्हा तपासून घ्या.

पांदणीतून आल्यावर साध्या पाण्याने चाकांच्या आतली माती धुवा. जोराच्या प्रेशरचा फवारा मात्र थेट सीलवर मारू नका. काढलेले जुने गॅस शॉकअप भंगारात देताना ते दाबाखाली आहेत हे सांगा. ते गॅस कटरने कापणं किंवा विस्तवात टाकणं धोक्याचं असतं.

नवे शॉकअप बसल्यावरही गुणगुणल्यासारखा आवाज येत राहिला तर घाबरू नका. टायरवर आधी पडलेल्या वाट्या शॉकअप बदलल्याने भरून येत नाहीत, आवाज त्यांचा आहे. टायर पुढचे मागे करून घ्या, थोड्या झिजेच्या वाट्या काही हजार किलोमीटरमध्ये सपाट होतात. खोल असतील तर तो टायर स्टेपनीलाही ठेवू नका.